समुद्रसफरीची हातपिशवी

विमानप्रवास सर्वांच्या आवांक्यांत येण्यापूर्वीं मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून विलायतेच्या जहाजावर चढणाऱ्या प्रवाशाला आपल्या सामानावर निरनिराळ्या चिठ्ठ्या चिकटवाव्या लागत. एक चिठ्ठी 'खोलींत', दुसरी 'प्रवासांत हवें' आणि तिसरी 'प्रवासांत नको'. पहिल्या चिठ्ठीचें सामान प्रवाशाच्या खोलींत जाई. दुसऱ्या चिठ्ठीच्या पेट्या निराळ्या ठेवीत व ठराविक वेळीं उघडूं देत. तिसऱ्या चिठ्ठीच्या पेट्या जहाजाच्या पोटांत खालीं जात, आणि मुक्कामाचें बंदर येईपर्यंत त्यांचें दर्शन होत नसे. त्यामुळें घर सोडण्यापूर्वींच प्रत्येकाला एका प्रश्नाचा विचार करावा लागे: ही वस्तु मला केव्हां लागेल?

त्या चिठ्ठ्या आतां जुन्या ट्रंकांवर तेवढ्या पाहावयास मिळतात. विलायतेस जाण्याचें साधन म्हणून जहाज मागें पडलें. ज्या सफरीला आज सर्वजण क्रूझ म्हणतात, त्या सफरीसाठीं तें उरलें आहे. मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीप या बाजूंस जाणारी अशी सफर २०२१ सालीं सुरू झाली. सिंगापूरहून मलाक्केच्या सामुद्रधुनींत, किंवा बार्सिलोनाहून भूमध्य समुद्रांत जाणाऱ्या जहाजांवरही मराठी कुटुंबें दिसतात. आणि त्यांत मुलांच्या आग्रहास्तव निघालेले निवृत्त आईवडील पुष्कळ असतात. साधन बदललें, हेतु बदलला; परंतु 'ही वस्तु मला केव्हां लागेल?' हा प्रश्न मात्र बदललेला नाहीं.

जहाजावर अन्नाची, अंथरुणाची अथवा करमणुकीची ददात नसते. टॉवेल हवे तितके मिळतात. दुकानेंही असतात, पण तीं प्रायः अत्तरांचीं, घड्याळांचीं आणि दागिन्यांचीं. मोठ्या वस्तू जहाज पुरवितें. जें तें पुरवीत नाहीं, तें बहुधा तळहातावर मावणारें असतें; आणि तें घरीं राहिलें तर पुढलें बंदर येईपर्यंत त्याला इलाज नसतो. म्हणून या लहान वस्तूंची निवड यादी पाहून करण्यापेक्षां जहाजाची रीत समजून घेऊन करावी. जहाज पोलादाचें आहे, तें हलतें, त्याला आगीचें भय सर्वांत अधिक, त्याचें घड्याळ निराळें असूं शकतें आणि तें कोणासाठीं थांबत नाहीं. एवढ्या गोष्टी ध्यानांत घेतल्या, म्हणजे पिशवींत काय घालावें हें आपोआप कळूं लागतें.

पहिली गोष्ट सामानाच्या ताटातुटीची. मोठ्या जहाजांवर धक्क्यावर पोहोंचतांच हमाल मोठ्या बॅगा ताब्यांत घेतात. हजारों बॅगा तपासून, मजल्यामजल्यांवर वांटून त्या खोलीच्या दाराशीं येईपर्यंत कित्येक तास जातात. कधीं रात्रीचें जेवणही होऊन जातें. या मधल्या काळांत जें लागणार तें सारें हातांतल्या लहान पिशवींत असलें पाहिजे. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाचे कागद. त्या दिवसाचीं औषधें, किंबहुना सफरीचीं सर्व औषधें. चष्मा, आणि शक्य तर दुसरा जादा चष्मा. ऐकण्याचें यंत्र वापरणाऱ्यांनीं त्याच्या बॅटऱ्या. एक पातळ स्वेटर, कारण जहाजाचीं दालनें यंत्रानें थंड केलेलीं असतात. आणि एक कपड्यांचा जोड. फोन भरावयाची पॉवर बँकही हातपिशवींतच हवी. तिच्यांतील लिथियमची बॅटरी पेट घेऊं शकते, म्हणून बंदर गांठण्यासाठीं विमानानें जावयाचें असेल तर ती विमानाच्या पोटांत जाणाऱ्या बॅगेंत ठेवण्यास मनाई आहे.

औषधांविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. जहाजावर दवाखाना आणि डॉक्टर असतात; परंतु तेथील सांठा मुख्यतः तातडीच्या प्रसंगांसाठीं. आपल्या रक्तदाबाची अगर थायरॉइडची गोळी आपल्याच मात्रेंत तेथें मिळेल, असा भरंवसा धरूं नये. शिवाय त्या दवाखान्याचा खर्च प्रवाशाच्या खात्यावर पडतो, आणि पुष्कळ भारतीय आरोग्यविमे देशाबाहेर लागू होत नाहींत. परदेशच्या सफरीस निघतांना प्रवासाचा विमा निराळा उतरवावा, आणि आजाऱ्याला समुद्रावरून हलविण्याचा खर्च त्यांत येतो कीं नाहीं तें पाहून घ्यावें. औषधें सफरीच्या दिवसांपेक्षां चारपांच दिवस अधिकचीं घ्यावीं, मूळच्या पाकिटांतच ठेवावीं, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. कारण आपल्याकडे सर्रास दिलीं जाणारीं कांहीं वेदनाशामक व झोंपेचीं औषधें इतर देशांत नियंत्रित आहेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. खोलींतील लहान शीतपेटी कित्येक जहाजांवर नुसती पेयें गार ठेवण्यापुरती असते. तिचा गारवा औषधाला पुरेल कीं नाहीं हें पहिल्याच दिवशीं विचारावें. न पुरल्यास इन्सुलिन दवाखान्यांत ठेवतां येईल काय, याची चौकशी करावी.

आतां बोट लागण्याचा विचार करूं. कानाच्या आंतल्या भागांत शरीराचा तोल सांभाळणारें इंद्रिय आहे. खोलींत बसलें असतां डोळे सांगतात कीं भिंती स्थिर आहेत, आणि कान सांगतात कीं आपण हलत आहों. या दोन साक्षींचा मेळ बसत नाहीं, आणि मळमळ सुरू होते. हा भित्रेपणा नव्हे. ट्रफाल्गारचा सेनानी नेल्सन यालाही बोट लागत असे. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत राहणें. म्हणजे डोळे आणि कान एकच हकीकत सांगूं लागतात. जहाजाचीं दोन टोकें अधिक हलतात आणि मधला भाग कमी हलतो. म्हणून ज्यांना हा त्रास ठाऊक आहे त्यांनीं खोली निवडतांनाच ती मध्यभागीं आणि खालच्या मजल्यावर मागावी. गोळ्यांविषयीं ध्यानांत ठेवण्याजोगें हें कीं त्या मळमळ सुरू झाल्यावर फारशा उपयोगी पडत नाहींत. प्रवासापूर्वीं एकदोन तास घ्याव्या लागतात. त्यांनीं गुंगी येते, आणि कांचबिंदु किंवा प्रोस्टेटचा विकार असणाऱ्यांना त्यांपैकीं कांहीं अपायकारक ठरतात. तेव्हां डॉक्टरांना विचारूनच त्या निवडाव्या. आलेपाकाच्या चार वड्या पिशवींत असाव्या. त्यानें सर्वांनाच गुण येतो असें नाहीं, पण कित्येकांना आराम पडतो.

दुसरा उपद्रव उलट्या आणि जुलाबांचा. नोरोव्हायरस नांवाचा जंतु फार थोड्या संख्येनेंही बाधतो; आणि जेथें हजारों माणसें एकाच जिन्याचे कठडे धरतात व एकाच डावानें वाढून घेतात, तेथें तो झपाट्यानें पसरतो. पुष्कळजण अशा वेळीं हाताला चोळावयाच्या अल्कोहोलच्या द्रावावर विसंबतात. परंतु या विशिष्ट जंतूवर तो द्राव दुबळा ठरतो. साबण आणि वाहतें पाणी यांनीं वीस सेकंद हात धुणें हाच खरा उपाय. म्हणून द्रावाच्या बाटलीइतकीच कागदी साबणाची डबी महत्त्वाची. किनाऱ्यावर फिरतांना जेथें पाणी मिळतें पण साबण मिळत नाहीं, तेथें ती उपयोगी पडते. क्षारसंजीवनीचीं दोनचार पाकिटेंही असावीं.

आतां खोलीकडे वळूं. जहाजाची खोली लहान असते. दोन माणसांचे ओले पोहण्याचे कपडे, टोप्या आणि पिशव्या ठेवावयास खुंट्या पुरत नाहींत. परंतु आगीच्या भयानें या खोल्यांच्या भिंती न जळणाऱ्या पदार्थांच्या करतात, आणि बहुतेक जहाजांवर त्यांचा पृष्ठभाग पोलादी पत्र्याचा असतो. त्यामुळें लोहचुंबकाच्या आंकड्या त्यांवर घट्ट बसतात. अशा पांचसहा आंकड्या मुठींत मावतात, भिंतीला डाग पाडीत नाहींत आणि खोली दुपटीनें सोयीची करतात. मात्र ज्यांच्या छातींत पेसमेकर आहे त्यांनीं त्या निदान वीतभर दूर ठेवाव्या, आणि काळ्या चुंबकीय पट्टीचीं कार्डें त्यांच्याजवळ ठेवूं नयेत. कपड्यांचे चारसहा चिमटेही घ्यावे. पडद्याच्या फटींतून पहाटे येणारें ऊन अडविण्यास त्यांचा उपयोग होतो. कपडे बाहेरच्या सज्जांत मात्र वाळत घालूं नयेत; वारा ते उडवून नेतो आणि बहुतेक जहाजांवर त्यास मनाई असते.

आंतल्या बाजूच्या खोल्यांना खिडकी नसते. दिवा मालवला कीं तेथें दिवस कीं रात्र हें कळत नाहीं; असा काळोख शहरांतील घरांत कधीं अनुभवास येत नाहीं. न्हाणीघराच्या दाराशीं पाणी बाहेर येऊं नये म्हणून बहुधा उंच उंबरठा असतो. वृद्ध माणूस रात्रीं उठला, नवख्या खोलींत, हलत्या जमिनीवर, त्या उंबरठ्याला अडखळला, तर साऱ्या सफरीवर पाणी पडतें. याला उपाय अगदीं स्वस्त आहे: बॅटरीवर चालणारा एक लहानसा दिवा, न्हाणीघराजवळ रात्रभर तेवत ठेवलेला. पिशवीची किंमत ठरवावयाची तर हा दिवा तींत अग्रस्थानीं घालावा लागेल.

विजेसंबंधीं जहाजाचे नियम कडक असतात, आणि त्यांचें कारण समजलें म्हणजे ते जाचक वाटत नाहींत. २००६ सालच्या २३ मार्च रोजीं पहाटे कॅरिबियन समुद्रांत 'स्टार प्रिन्सेस' या जहाजाला आग लागली. एका सज्जावर पडलेली जळती सिगारेट हें तिचें बहुधा कारण होतें. सज्जांमधील प्लॅस्टिकचे पडदे पेटत गेले आणि एका प्रवाशाचा अंत झाला. समुद्रांत बंब बोलावतां येत नाहीं. म्हणून इस्त्री, पाणी तापविण्याची विजेची किटली, मेणबत्ती, उदबत्ती आणि निरांजन यांना बंदी असते. चढतांना तपासणींत अशा वस्तू सांपडल्यास काढून घेतात आणि बहुधा सफर संपतांना परत देतात. नित्यपूजेचा नेम असणाऱ्यांनीं घडीची तसबीर न्यावी आणि बॅटरीच्या दिव्यावर समाधान मानावें. विजेचा जादा दाब अडविणाऱ्या, अनेक तोंडांच्या पट्ट्यांनाही मनाई आहे. घरांत विजेची एक तार जमिनीशीं जोडलेली असते. पुष्कळ जहाजांवर तशी रचना नसून दोन्ही तारांत दाब असतो, आणि घरासाठीं बनविलेली ती पट्टी तेथें तापून पेट घेऊं शकते. आपली भारतीय जाड गोल खिळ्यांची पिनही तेथील भोंकांत बसेलच असें नाहीं; कित्येक जहाजांवर अमेरिकी चपट्या खिळ्यांचीं आणि युरोपीय गोल खिळ्यांचीं तोंडें असतात. तेव्हां त्या दोहोंस चालणारा, दाब अडविण्याची योजना नसलेला एक साधा अॅडाप्टर घ्यावा, आणि आपल्या कंपनीच्या नियमांत तो बसतो कीं नाहीं हें आधीं वाचावें.

आगीइतकाच गांभीर्यानें घेण्याचा दुसरा विषय म्हणजे संकटकाळीं जमावयाची जागा. टायटॅनिक १९१२ सालीं बुडाल्यावर दोन वर्षांनीं समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. परंतु नियम असूनही उणीव राहते. २०१२ सालच्या १३ जानेवारीस रात्रीं इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्ता कॉन्कॉर्डिया' हें जहाज खडकावर आदळलें आणि ३२ माणसें दगावलीं. त्याच सायंकाळीं चढलेल्या प्रवाशांचा सराव दुसऱ्या दिवशीं व्हावयाचा होता. पुढें १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच घेणें बंधनकारक झालें. हा सराव कंटाळून टाळूं नये. आणि रात्रीं निजतांना तीन वस्तू एकाच ठिकाणीं, हाताशीं ठेवाव्या: चष्मा, न घसरणारे जोडे आणि लहान विजेरी. दिवे गेले व घोषणा झाली, तर बॅग उघडावयास वेळ मिळत नाहीं. दोन दिवसांच्या गोळ्यांची डबीही त्यांच्याजवळच असावी.

जहाजावर चढतांना मिळणारें कार्ड हीच खोलीची किल्ली, तीच पैशाची थैली आणि तीच ओळख. उतरतांना आणि चढतांना तें दाखवावें लागतें. तें गळ्यांत अडकवावयाची दोरी आणि लहान पाकीट घरूनच न्यावें. समुद्रांत फोनची विमानांत ठेवतात ती अवस्था चालू ठेवावी. तसें न केल्यास फोन जहाजाच्या उपग्रहीय जाळ्याला जोडला जातो आणि घरीं आल्यावर भलें मोठें बिल हातीं पडतें.

आणि आतां घड्याळ. फोन किनाऱ्यावरील मनोऱ्याशीं जोडला गेला कीं तेथली वेळ दाखवूं लागतो. जहाज मात्र आपलीच वेळ पाळत असतें. थायलंडची वेळ सिंगापूरच्या मागें एक तास आहे. सिंगापूरहून निघालेलें जहाज फुकेटला लागलें आणि त्यानें सिंगापूरचीच वेळ कायम ठेवली, तर फोनवर विसंबणारा प्रवासी 'अजून तासभर आहे' असें समजून बाजारांत रेंगाळेल, आणि तिकडे शिडी उचलली जाईल. म्हणून ज्याचे कांटे आपण होऊन बदलत नाहींत असें साधें मनगटी घड्याळ घ्यावें आणि तें जहाजाच्या वेळेवर लावावें. परत चढण्याची वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधींची असते. जहाजानें आंखलेल्या सहलीची गाडी रखडली तर जहाज सहसा तिची वाट पाहतें किंवा त्या प्रवाशांस पुढें पोहोंचविण्याची व्यवस्था करतें. स्वतंत्रपणें फिरणाऱ्यांस ही सवलत नसते.

यासाठीं किनाऱ्यावर उतरतांना प्रत्येकाच्या खिशांत, पतिपत्नींच्या निरनिराळ्या खिशांत, एकेक चिठ्ठी असावी. तिच्यावर जहाजाचें नांव, परत चढण्याची वेळ, त्या बंदरांतील कंपनीच्या प्रतिनिधीचा दूरध्वनि (हा बहुधा जहाजाच्या रोजच्या पत्रकांत छापलेला असतो), विम्याचा क्रमांक, आपल्या औषधांचीं नांवें आणि घरचा क्रमांक लिहावा. सोबत पासपोर्टची प्रत ठेवावी, कारण कांहीं मार्गांवर मूळ पासपोर्ट जहाजाच्या कचेरींत जमा असतो. फोन हरवतो, भिजतो, त्याची बॅटरी संपते; कागदाला यांपैकीं फक्त भिजण्याचें भय, आणि त्यास एक लहान प्लॅस्टिकची पिशवी पुरते. ती पिशवी आणखी एका कारणानें हवी. लक्षद्वीपसारख्या ठिकाणीं मोठें जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर खोल पाण्यांत थांबतें आणि प्रवासी लहान होड्यांनीं किनाऱ्यास जातात. होडींत तुषार उडतातच.

खाऊविषयीं एक इशारा. घरीं शिजविलेले पदार्थ पुष्कळ जहाजांवर नेऊं देत नाहींत. कारखान्यांत बंद केलेलीं चिवड्याची वा बिस्किटांचीं पाकिटें सहसा चालतात. जहाजावरील फळ खिशांत घालून परक्या किनाऱ्यावर उतरूं नये; किडीच्या भयानें अनेक देश त्याला दंड करतात. आणि सिंगापूरच्या किंवा दुबईच्या सफरीस निघतांना अनारसे घेऊं नयेत. त्यांवरची खसखस अफूच्या झाडाची, म्हणून त्या दोन्ही देशांत निषिद्ध आहे. आपल्या घरांतली अत्यंत निरुपद्रवी वस्तु सीमेपलीकडे गुन्हा ठरते, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणार नाहीं.

या सर्व वस्तू एकत्र केल्या तरी खांद्यावरची एक लहान पिशवी भरते, आणि त्यांतील बहुतेक घरांत आधींच असतात. शेवटीं एकच सूचना. आईवडील सफरीस निघाले म्हणजे पुष्कळ घरांत मुलेंच प्रेमानें पिशवी भरून देतात. तसें करूं नये. ज्याची पिशवी त्यानें भरावी. मुलांनीं जवळ बसून वाटल्यास आठवण द्यावी. गोळ्यांची डबी कोणत्या कप्प्यांत आहे आणि चिठ्ठी कोणत्या खिशांत आहे, हें ज्याच्या हातानें तेथें ठेवलें त्याला काळोखांतही सांपडतें. समुद्राच्या मध्यावर, रात्रीं दोन वाजतां, पुण्यांतल्या मुलीला फोन लावून तें विचारतां येईलच, असें नाहीं.